रिफ्लक्ससह बॅच डिस्टिलेशनचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल, रेझिन, रंग असं काहीही बनत असो, शेडच्या एखाद्या कोपऱ्यात सॉल्व्हंट रिकव्हरीची केटल, म्हणजे वापरलेला द्रावक उकळून परत मिळवायचं भांडं, असतेच. वर पॅकिंगचा कॉलम, त्यावर वाफेचा द्रव करणारा कंडेन्सर, बाजूला माल जमा करणारे दोन रिसीव्हर. इथले प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक, उद्या ओरल असलेला केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. दुसरा, बॅच संपत नाही म्हणून वैतागलेला शिफ्ट इन्चार्ज. गणित दोघांचं एकच आहे, म्हणून उत्तरंही एकत्रच दिली आहेत.

सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे: मिथेनॉल आणि पाणी. चार्ज १०० किलोमोल, त्यात मिथेनॉलचा मोल अंश (एकूण मोलपैकी त्याचा वाटा) ०.३०. वजनात सांगायचं तर साधारण २,२२० किलो मदर लिकर, त्यात ४३ टक्के मिथेनॉल. रिसीव्हरमध्ये ०.९७ मोल अंशाचा, म्हणजे वजनी ९८ टक्क्यांहून थोडा चांगला माल हवा आहे. केटलमधून तासाला १० किलोमोल वाफ निघते असं धरलं आहे.

परफॉर्मन्स काढायचा म्हणजे नेमकं काय काढायचं?

चार आकडे: माल किती मिळाला, किती शुद्ध मिळाला, किती वेळ लागला आणि किती स्टीम लागली. पहिले दोन मटेरियल बॅलन्सवरून निघतात, नंतरचे दोन रिफ्लक्सवरून, म्हणजे कंडेन्सरमधून कॉलममध्ये परत सोडलेल्या द्रवावरून. बहुतेकांचा गोंधळ होतो तो चारही आकडे एकाच सूत्रातून काढायला गेल्यामुळे.

बॅलन्स अगदी सोपा आहे. एफ म्हणजे चार्ज, डब्ल्यू म्हणजे केटलमध्ये उरलेलं, डी म्हणजे बाहेर काढलेलं. केटलमध्ये शेवटी ०.०२ मोल अंश उरेपर्यंत बॅच चालवली तर

डी = १०० × (०.३० − ०.०२) ÷ (०.९७ − ०.०२) = २९.५ किलोमोल

त्यात मिथेनॉल २८.६ किलोमोल, म्हणजे रिकव्हरी ९५ टक्के. हा हिशेब करताना कॉलम किती उंच आहे, आत कोणतं पॅकिंग आहे, हे कुणी विचारलंच नाही. विचारण्याची गरजही नाही. कॉलम कसाही असला तरी आत गेलेलं आणि बाहेर आलेलं जुळलंच पाहिजे. कॉलमचा प्रश्न त्यानंतर येतो: हे घडवायला वाफ किती लागेल?

वजनी टक्क्यांत केलं तर चालणार नाही का?

बॅलन्स चालेल. रिफ्लक्सचं गणित चालणार नाही, कारण एक मोल द्रव उकळायला लागणारी उष्णता दोन्ही घटकांसाठी साधारण सारखी असते, या गृहीतकावर सगळी आकृती उभी आहे. मिथेनॉलसाठी ती मोलला सुमारे ३५ किलोज्यूल, पाण्यासाठी सुमारे ४१. तंतोतंत सारखी नाही, पण हाताने करायच्या हिशेबाला चालण्याइतकी जवळ. वजनात बघाल तर पाण्याची उष्णता मिथेनॉलच्या दुप्पट आहे, तिथे गृहीतकच कोसळतं.

रिफ्लक्स अजिबात दिला नाही तर?

मग ते साधं डिफरन्शियल डिस्टिलेशन. त्याचं सूत्र लॉर्ड रॅले यांनी १९०२ मध्ये दिलं:

नैसर्गिक लॉग (एफ ÷ डब्ल्यू) = [१ ÷ (वाफेचा अंश − द्रवाचा अंश)] याचं इंटिग्रेशन, केटलच्या शेवटच्या अंशापासून सुरुवातीच्या अंशापर्यंत.

आपल्या चार्जवर ते ०.३० पासून ०.०२ पर्यंत चालवलं तर इंटिग्रलची किंमत सुमारे ०.९२ येते. म्हणजे केटलमध्ये ४० किलोमोल उरले आणि ६० बाहेर आले. मिथेनॉलची रिकव्हरी ९७ टक्के. ऐकायला झकास! पण रिसीव्हरमधला सरासरी मोल अंश फक्त ०.४९. मिथेनॉल जवळपास सगळं आलं, पण येताना तेवढंच पाणी घेऊन आलं.

रिफ्लक्स रेशो म्हणजे काय, आणि तो प्लांटवर कसा मोजायचा?

कंडेन्सरमधून कॉलममध्ये परत पाठवलेला द्रव भागिले रिसीव्हरमध्ये घेतलेला द्रव. त्याला आर म्हणू. दोन लिटर परत, एक लिटर रिसीव्हरला, तर आर = २. वर टायमरवर चालणारा डिव्हायडर असेल तर वीस सेकंद परत आणि दहा सेकंद रिसीव्हरला, म्हणजेही २. रोटामीटर (प्रवाह मोजणाऱ्या नळ्या) असतील तर दोन्ही लाइनवर हवेत. एकाच लाइनवर लावून दुसरीचा अंदाज बांधणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि तिथूनच निम्मे वाद सुरू होतात.

लक्षात ठेवायचं ते हे: रिसीव्हरमध्ये एक मोल माल घ्यायला केटलमधून (आर + १) मोल वाफ उठवावी लागते. वेळ आणि स्टीम दोन्ही या एका ओळीत आहेत.

किमान रिफ्लक्स कसा काढायचा?

१९२५ मध्ये मॅकेब आणि थील यांनी दिलेल्या आकृतीत ऑपरेटिंग लाइनचा उतार आर ÷ (आर + १) असतो. रिफ्लक्स कमी करत गेलात की ही रेषा समतोल वक्राकडे (द्रवाच्या प्रत्येक अंशासमोर त्यातून निघणाऱ्या वाफेचा अंश दाखवणाऱ्या वक्राकडे) सरकते. ती त्याला टेकली की कितीही उंच कॉलम लावा, पुढे शुद्धता मिळत नाही. मिथेनॉल-पाण्यासारख्या साध्या वक्रावर ती केटलच्या बिंदूपाशी टेकते, म्हणून

किमान आर = (मालाचा अंश − समतोल वाफेचा अंश) ÷ (समतोल वाफेचा अंश − केटलमधला अंश)

बॅचची खरी गंमत इथे आहे. कंटिन्युअस कॉलममध्ये किमान रिफ्लक्स एकदा काढला की झालं. बॅचमध्ये केटल दर मिनिटाला पातळ होत जाते आणि हा आकडा तिच्याबरोबर वाढत जातो.

इथेनॉल-पाण्यासारख्या वाकड्या वक्रावर मात्र रेषा मध्येच कुठेतरी वक्राला चाटून जाते. तिथे वरचं सूत्र लावलं तर आकडा कमी येईल आणि फसाल. आकृती काढूनच बघा.

मालाची शुद्धता कायम ठेवून रिफ्लक्स वाढवत नेला, तर पूर्ण हिशेब कसा होतो?

खाली एक वातावरण दाबाचे समतोल आकडे घेऊन केलेला तक्ता आहे. चालवायचा आर प्रत्येक वेळी किमानच्या दीडपट धरला आहे. डी आणि वाफ किलोमोलमध्ये, बॅचच्या सुरुवातीपासून मोजलेले.

| केटलमधला अंश | समतोल वाफ | किमान आर | चालवायचा आर | एकूण डी | एकूण वाफ |
|---|---|---|---|---|---|
| ०.३० | ०.६६५ | ०.८४ | १.२५ | ० | ० |
| ०.२० | ०.५७९ | १.०३ | १.५५ | १३.० | ३१.२ |
| ०.१५ | ०.५१७ | १.२३ | १.८५ | १८.३ | ४५.५ |
| ०.१० | ०.४१८ | १.७४ | २.६० | २३.० | ६०.७ |
| ०.०८ | ०.३६५ | २.१२ | ३.१९ | २४.७ | ६७.४ |
| ०.०६ | ०.३०४ | २.७३ | ४.१० | २६.४ | ७५.१ |
| ०.०४ | ०.२३० | ३.८९ | ५.८४ | २८.० | ८४.५ |
| ०.०२ | ०.१३४ | ७.३३ | ११.० | २९.५ | ९८.२ |

शेवटचा रकाना असा भरायचा: दोन ओळींमधल्या (आर + १) ची सरासरी गुणिले त्या टप्प्यात मिळालेला डी, आणि ते आधीच्या वाफेत मिळवायचं. बोगार्ट यांचं १९३७ चं सूत्र हेच काम एका इंटिग्रलमध्ये करतं. परीक्षेत ते लिहा, शेडमध्ये तक्ता वापरा. शेवटच्या टप्प्यात आर फार झपाट्याने चढतो, त्यामुळे तिथे ०.०३ चा एक बिंदू मध्ये घ्यावा लागतो, नाहीतर वाफ थोडी जास्त दिसते. वरच्या तक्त्यात तो धरलेला आहे.

आता तक्ता वाचा. पहिले २३ किलोमोल मिळवायला ६१ किलोमोल वाफ लागली, म्हणजे एका मोलला अडीचपेक्षा थोडी जास्त. पुढच्या साडेसहा किलोमोलला ३७ पेक्षा जास्त, म्हणजे एका मोलला जवळपास सहा. आणि अगदी शेवटचा दीड किलोमोल? एका मोलला नऊ. बॅच शीटवर "रिकव्हरी ९५ टक्के" हा एकच आकडा लिहिला जातो आणि ही चढण त्याच्याखाली झाकली जाते.

यावरून वेळ आणि स्टीम कशी काढायची?

एकूण वाफ भागिले ताशी वाफ. ९८.२ ÷ १० = ९.८ तास, हा फक्त माल काढण्याचा वेळ.

स्टीमसाठी: केटलमधून निघणाऱ्या एका किलोमोल वाफेला साधारण ४०,००० किलोज्यूल धरा, कारण खाली पाणीच जास्त असतं. १० किलोमोलला ताशी ४ लाख किलोज्यूल. ३ बार गेजच्या स्टीमची सुप्त उष्णता किलोला सुमारे २,१३० किलोज्यूल. म्हणजे ताशी १८८ किलो. इन्सुलेशनची अवस्था बघता दोनशेच्या वर धरलेलं बरं.

याशिवाय थंड चार्ज उकळीला आणायला याच स्टीमवर सुमारे एक तास जातो. मग टोटल रिफ्लक्सवर (सगळा द्रव परत, रिसीव्हरला काहीच नाही) कॉलम स्थिर होण्याचा अर्धा तास, भरणं, थंड करणं, उपसणं. हे सगळं मिळून तीन तास धरले तर बॅच पावणेतेरा तासांची होते. बारा तासांच्या शिफ्टमध्ये ती बसत नाही आणि पुढच्या शिफ्टवाल्याच्या गळ्यात पडते.

माझ्या कॉलममध्ये किती प्लेट हव्यात?

आधी टोटल रिफ्लक्सवर किमान किती लागतात ते बघा. वरच्याच समतोल आकड्यांवर पायऱ्या चढा, एक पायरी म्हणजे एक सैद्धांतिक प्लेट: ०.०२ वरून ०.१३४, तिथून ०.४९, मग ०.७७, ०.९०, ०.९६, ०.९८. म्हणजे केटल धरून साडेपाच पायऱ्या. फेन्स्के यांच्या १९३२ च्या सूत्राने पाच येतात. हा फरक सापेक्ष बाष्पशीलतेमुळे (पाण्यापेक्षा मिथेनॉल किती पट सहज वाफेत जातं) पडतो. ती खाली साडेसात आणि वर अडीचच्या आसपास आहे, आणि सूत्रात आपण एकच सरासरी घालतो. मिथेनॉल-पाण्याला फेन्स्के अंदाजापुरतं ठीक आहे. बेंझीन-टोल्यूइनसारख्या जोडीला फार छान बसतं, म्हणूनच पुस्तकांत ती जोडी इतकी लाडकी आहे.

तक्त्यातला दीडपट रिफ्लक्स प्रत्यक्षात आणायला मात्र साडेसात पायऱ्या लागतात. त्याही बॅचच्या सुरुवातीला, शेवटी नाही. सुरुवातीला आर १.२५ वर रेषा वक्राच्या जवळून जाते, त्यामुळे पायऱ्या लहान पडतात. शेवटी आर ११ वर साडेसहा पुरतात. तेव्हा केटल एक आणि कॉलममध्ये सात सैद्धांतिक प्लेट, असा कॉलम या कामाला पुरतो. २५ मिलिमीटरच्या पॉल रिंगला (पॅकिंगच्या कड्यांचा एक प्रकार) एका सैद्धांतिक प्लेटमागे अर्धा मीटर धरला, तर साडेतीन मीटर पॅकिंग. रिफ्लक्स पॅकिंगवर पसरवणारा डिस्ट्रिब्युटर तिरका बसलेला असेल तर पाच मीटरही पुरणार नाही.

रिफ्लक्स सतत बदलत बसायला माणूस नाही. एकच ठेवला तर काय बिघडतं?

बॅच होते, पण महाग पडते. याच कॉलमवर आर २.३३ वर कायम ठेवला तर सुरुवातीला ०.९९ पेक्षा शुद्ध माल येतो. तो कुणी मागितला नव्हता! केटल ०.०८ पर्यंत उतरली की वरचा माल ०.९७ ला येतो आणि तिथून पुढे घसरगुंडी. ०.०५ ला वर ०.७८ च्या आसपासच मिळतो. रिसीव्हरमधली सरासरी बरोबर ०.९७ वर आणून थांबलं तर रिकव्हरी ८९ टक्क्यांच्या आसपास होते आणि वाफ लागते सुमारे ९२ किलोमोल. रिफ्लक्स बदलत तेवढीच रिकव्हरी घेतली असती तर ८२ मध्ये भागलं असतं.

वरची दहा किलोमोल वाफ गेली कुठे? आधी खर्च करून जास्त शुद्ध केलेला माल आणि नंतरचा पाणीदार माल एकाच रिसीव्हरमध्ये मिसळला. वेगळं करायला खर्च, आणि मग आपल्याच हाताने कालवलं.

व्यवहारात मधला मार्ग आहे: रिफ्लक्स तीन-चार टप्प्यांत वाढवायचा. केटलचं तापमान बघून ऑपरेटरने टायमर बदलायचा, बस. कायम रिफ्लक्सची गणना करताना मात्र रॅलेच्या सूत्रात वाफेच्या अंशाऐवजी कॉलमच्या माथ्यावरचा अंश घालायचा असतो. केटलच्या प्रत्येक अंशासाठी तो आकृतीवरून अंदाजाने शोधावा लागतो. ओरलला हमखास विचारतात.

बॅच नेमकी कुठे थांबवायची?

उत्पादन विभागाला विचाराल तर एक उत्तर मिळेल, ईटीपीवाल्याला (सांडपाणी शुद्धीकरण सांभाळणाऱ्याला) विचाराल तर दुसरं. दोघांचंही गणित बरोबर असतं.

आधी उत्पादनाचं. बॅचच्या एकूण वेळेत (तीन तासांचा ठराविक वेळ धरून) तासाला किती मिथेनॉल मिळालं ते बघू. ०.१५ ला थांबलात तर २.३५ किलोमोल. ०.१० ला २.४६. ०.०८ ला २.४६. ०.०५ ला २.४१. ०.०२ ला २.२३. म्हणजे ०.०८ ते ०.१० च्या आसपास थांबून नवीन चार्ज घेतला तर महिन्याला सगळ्यात जास्त माल निघतो. शिखर सपाट आहे, थोडं इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, पण ०.०२ पर्यंत रेटणं तोट्याचं दिसतं.

आता ईटीपीचं. ०.१० ला थांबलात तर केटलच्या तळाशी ७.७ किलोमोल, म्हणजे जवळपास २४७ किलो मिथेनॉल उरलं. एका किलो मिथेनॉलला पूर्ण ऑक्सिडेशनसाठी दीड किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे एका बॅचमागे ३७० किलो सीओडीचा (सांडपाण्याच्या ऑक्सिजनच्या मागणीचा) बोजा. ०.०२ पर्यंत नेलंत तर मिथेनॉल ४५ किलो आणि सीओडी ६८ किलो. हे पाणी शेवटी कोणत्या खोऱ्यात आहे ते नाशिककराला सांगायला नको, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली मर्यादा तर पाळावीच लागते.

माझं मत स्पष्ट आहे: थांबण्याचा बिंदू ईटीपीच्या क्षमतेवरून ठरवा आणि मग उरलेल्या स्वातंत्र्यात उत्पादन बघा. उलट्या क्रमाने केलं की वाचवलेली स्टीम ईटीपीत हवा सोडणाऱ्या एरेटरच्या वीजबिलात जाते.

मधला कट (शेवटी येणारा कमी शुद्ध भाग) वेगळा काढून पुढच्या बॅचला दिला तर स्टीम वाचते ना?

असं सर्रास मानलं जातं. हिशेब करून बघू. ०.०८ पर्यंत शुद्ध माल घेतला. मग रिसीव्हर बदलला, आर १ वर आणला आणि केटल ०.०२ पर्यंत उतरवली. या टप्प्यात साडेदहा किलोमोल कट मिळतो, सरासरी अंश ०.४५, वाफ २१ किलोमोल. आधीच्या पद्धतीने याच टप्प्याला ३१ लागत होती. दहा वाचली?

नाही. तो कट पुढच्या चार्जमध्ये जातो आणि त्यातलं मिथेनॉल पुन्हा ०.९७ ला आणायला आणखी बारा किलोमोलच्या आसपास वाफ लागते. २१ आणि १२, ३३. म्हणजे जवळपास बरोबरी, किंचित तोटाच. शिवाय केटलमधली तेवढी जागा अडली.

तरीही कट काढण्याला अर्थ आहे, पण कारण वेगळं. आर ११ वर कॉलम स्थिर चालवणं अवघड असतं; रिसीव्हरची धार इतकी बारीक होते की डिव्हायडर नीट वागत नाही. आणि शेवटी शुद्धता घसरली तर अख्खी टाकी बिघडते. कट म्हणजे त्या टाकीचा विमा. तीन-चार सॉल्व्हंटचं मिश्रण असेल तर मात्र मधल्या कटाशिवाय इलाजच नाही.

पुस्तकात मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं. आमच्या कॉलमच्या माथ्यावर ६३ दाखवतं. थर्मामीटर खराब आहे का?

बहुधा नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब ९४ ते ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, १०१.३ नाही. त्यामुळे सगळे उत्कलनबिंदू सुमारे दोन अंशांनी खाली येतात: पाणी ९८ ला, मिथेनॉल ६३ च्या जरा अलीकडे. मुंबई-ठाण्याच्या प्लांटमधून आलेली बॅच शीट तशीच चालवली की "६४.७ आल्याशिवाय माल घेऊ नका" असलं काहीतरी लिहिलेलं असतं. इथे तेवढं तापमान दिसेल तेव्हा मालात पाणी मिसळायला लागलेलं असेल.

याहून मोठी अडचण पुढे आहे. समुद्रसपाटीच्या दाबाला ०.९५ अंशाचं मिश्रण ६५.० ला उकळतं आणि शुद्ध मिथेनॉल ६४.५ ते ६४.७ ला. संपूर्ण पाच मोल टक्क्यांना अर्धाच अंश! माथ्यावरच्या तापमानावरून शुद्धता ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. त्यासाठी घनता किंवा कार्ल फिशर चाचणीने पाण्याचं प्रमाण बघा. केटलचं तापमान मात्र फार उपयोगी आहे: ०.३० ला ७८, ०.१० ला ८७.७, ०.०२ ला ९६.४. यातून प्रत्येकी दोन वजा करा आणि तो तक्ता पॅनेलशेजारी चिकटवा. रिफ्लक्स कधी वाढवायचा आणि बॅच कधी थांबवायची, दोन्ही त्यावरून कळतं.

एप्रिल-मे मध्ये तीच बॅच लांबते. कॉलम तर तोच आहे.

कंडेन्सर बघा. १० किलोमोल मिथेनॉलची वाफ द्रव करायला ताशी साडेतीन लाख किलोज्यूल काढून घ्यावे लागतात, साधारण ९८ किलोवॅट. पाणी पाच अंशांनी तापू द्यायचं म्हटलं तर ताशी १७ घनमीटर पाणी. कूलिंग टॉवरचं पाणी गरम झालं की वाफ व्हेंटपर्यंत पोचते आणि ऑपरेटर शहाणपणाने स्टीम कमी करतो. ताशी १० ची ८ वाफ झाली की ९.८ तासांचे सव्वाबारा होतात. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट ११ अंशांच्या आसपास आहे आणि ते विष आहे; व्हेंटमधून वाफ जात असताना वेळ वाचवायला जाऊ नये. हिवाळ्यात अडचण उलटी: पाणी थंडगार, रिफ्लक्सही थंडगार.

थंड रिफ्लक्सने काय होतं?

४० अंशांचा रिफ्लक्स कॉलममध्ये पडला की तो तापवायला आतलीच थोडी वाफ द्रव होते. मीटरवर आर २ दिसतो, आत तो सुमारे सहा टक्के जास्त असतो. शुद्धतेला चांगलं, हिशेबाला फसवं.

कॉलममध्ये अडकलेला द्रव, म्हणजे होल्डअप, धरायचा का?

पूर्ण चार्ज असेल तर सोडून द्या. अर्धी केटल भरून चालवत असाल तर धरा. केटल ओसरत आली की पॅकिंगवरचं मिथेनॉल हा लहान आकडा राहत नाही, आणि स्टीम बंद केल्यावर ते सगळं खाली केटलमध्ये उतरतं. "सॅम्पल ०.०२ होता, उपसताना जास्त कसा आला?" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

नाशिकची वाइन इथल्याच द्राक्षांची. ब्रँडीच्या डिस्टिलेशनला हेच गणित लागू होतं का?

मूळ तेच, हेतू वेगळा. पॉट स्टिलमध्ये रिफ्लक्स मुद्दाम कमी ठेवतात, कारण शुद्ध इथेनॉल हवंच नसतं. द्राक्षाचा वास आणणारे घटक सोबत यायला हवे असतात. तिथे कटाचा निर्णय तक्त्यापेक्षा नाकावर जास्त चालतो. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढतात, मधला ठेवतात. दुसरीकडे शुद्ध इथेनॉल हवं असेल तरी साध्या कॉलममध्ये वजनी ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, तिथे ॲझिओट्रोप, म्हणजे वाफ आणि द्रव दोन्हींचा अंश सारखाच असलेलं मिश्रण, आडवा येतो. रिफ्लक्स कितीही वाढवा.

घरी करून बघण्याचा विषय नाही. परवान्याशिवाय दारू गाळणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे.

सिम्युलेशन सॉफ्टवेअर असताना हे हाताने कशाला?

सॉफ्टवेअर चुकीच्या समतोल मॉडेलवरही अगदी सुबक आलेख काढतं. हाताचा तक्ता अर्ध्या तासात होतो आणि आलेख वेडा आहे की बरोबर, ते सांगतो.

कागदावर दहा तास आले, प्रत्यक्षात तेरा लागतात. कुठून शोधायला सुरुवात करू?

आधी बॅलन्स जुळवा. चार्ज, रिसीव्हर आणि केटलचा तळ, तिन्हींचं वजन आणि सॅम्पल. टाकीची डिप घेत असाल तर घनता त्या तापमानाची वापरा. मिथेनॉल दोन-तीन टक्क्यांहून जास्त हरवत असेल तर वेळेचा विचार बाजूला ठेवा आणि व्हेंट, ग्लँड, रिसीव्हरचं झाकण तपासा.

बॅलन्स जुळला तर ताशी वाफ मोजा. त्यासाठी टोटल रिफ्लक्स सोडून थोडा वेळ दोन्ही लाइनचा प्रवाह बघणं पुरतं. आपण १० धरले होते; जॅकेटच्या आत खवले धरले असतील किंवा स्टीम ट्रॅप अडकला असेल तर साडेसात-आठच मिळतात, आणि तेवढ्याने तेरा तासांचा उलगडा होतो. ट्रॅप आधी बघा, त्याला दहा मिनिटं लागतात.

वाफ पुरेशी असेल तर प्रश्न कॉलमचा. टोटल रिफ्लक्सवर स्थिर करून माथ्याचा आणि केटलचा सॅम्पल एकाच वेळी घ्या आणि पायऱ्या मोजा. सातऐवजी चारच प्लेट निघाल्या तर पॅकिंग बसलं आहे, तुटलं आहे किंवा डिस्ट्रिब्युटर वाकडा आहे. हा सॅम्पल नवीन कॉलम लागला त्याच आठवड्यात घेऊन ठेवलेला असेल तर तुलना करायला आकडा हाताशी असतो. नसेल, तर पुढच्या शटडाउननंतर पॅकिंग धुऊन बसवलं की पहिल्याच बॅचला घ्या आणि बॅच शीटच्या मागे तारखेसह लिहून ठेवा.